वाळत घातलेलं निशाण

त्राबझोनमधल्या एका परदेशी वकिलातीला शेवटी धोबिणीचा आश्रय मागावा लागला. अर्थात, असं काही घडलंच नाही. वकिलातीत कुणालाही विचारा, तो आधी छताकडे बघेल आणि मग हवापाण्याबद्दल बोलू लागेल.

घडलं नाही ते असं. सुलतानांच्या राज्यारोहणाचा दिवस तोंडावर आला होता आणि वकिलातीचं निशाण आगबोटींच्या धुरानं इतकं काळवंडलं होतं, की ते कुठल्या देशाचं हे त्या देशाच्या माणसालाही सांगता आलं नसतं. चोपदार सेफर आगानं ते परस्पर उतरवलं आणि धोबीण एव्हांथियाबाईंकडे धुवायला टाकलं. वकिलातीचे प्रमुख हाल्वोर साहेब, त्यांना विचारलं नाही. निशाणही मळतं, हे साहेबांना सांगणार कोण?

बाईंनी ते धुऊन आपल्या सज्जात वाळत घातलं. त्याच सकाळी नगरपालिकेचा मुकादम तहसीन कुदळी घेऊन तो सज्जा पाडायला आला. रस्ता रुंद व्हायचा होता आणि सज्जा मध्ये येत होता. त्यानं वर पाहिलं, डोक्यावरची फेझ टोपी सारखी केली आणि माणसांना मागे फिरवलं. परक्या निशाणाखालच्या घराला हात लावायची त्याला मुभा नव्हती.

संध्याकाळी सेफर निशाण न्यायला गेला.

"वाळलं नाही अजून," बाई म्हणाल्या.

त्यानं हात लावून पाहिला. खरंच ओलं होतं. बाईंच्या हातात तांब्या होता.

"मावशी, उद्या राज्यारोहणाच्या सलामीची तोफ व्हायच्या आत ते काठीवर दिसलं नाही, तर माझी नोकरी गेली समज."

"ठाऊक आहे. तुझी नोकरी आणि माझा सज्जा एकाच दोरीवर वाळत घातलेत. सज्जा गेला तर गावाचे कपडे काय डोक्यावर वाळवू?"

दोरीच्या टोकाला सेफरचेच सदरे लोंबत होते. कित्येक वर्षं ते तिथंच वाळत आले होते, आणि ही दोरी कुणाच्या तरी सज्जाला बांधलेली आहे, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. तो रिकाम्या हातानं परतला.

तोवर तहसीननं वकिलातीत निरोप धाडून विचारलं होतं, की निशाण लावलेलं ते घर वकिलातीचंच का. निशाण कुठं आहे हे हाल्वोर साहेबांना तेव्हा कळलं. पण नाही म्हणायचं, तर निशाण धुवायला टाकलं होतं हे कबूल करायचं. "आमचंच," साहेब म्हणाले. दुभाषे ओनिक एफेंदींनी ते तुर्कीत आणखी ठासून सांगितलं. आता निशाण ओढून आणणं म्हणजे आपणच आपल्या मुलखावर चाल करून जाणं, असं एफेंदींचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी रस्ता मोजत मोजत तहसीन वकिलातीशी पोचला. वकिलातीच्या पायऱ्याही रस्त्यात येत होत्या.

"अरे, ही वकिलात आहे," एफेंदी म्हणाले.

"असेल ना," तहसीन अदबीनं म्हणाला. "पण नियम निशाणाचा आहे, एफेंदी. काठी तर मोकळी दिसते."

तोफ झाली, आणि पाठोपाठ पहिल्या पायरीवर कुदळ पडली. साहेब सेफरच्या बडतर्फीचा कागद घेऊनच बाहेर आले होते. वकिलातीतल्या माणसांपैकी बाई दार उघडतात ते फक्त सेफरला, हे एफेंदींनी त्यांच्या कानात सांगितलं. साहेबांनी कागद उलटा केला, पाठीमागे अर्ज लिहिला आणि सेफरच्या हाती दिला:

"श्रीमती एव्हांथियाबाई यांस सविनय विनंती, की सदर वकिलात, पायऱ्यांसह, आपल्या सज्जाचाच भाग समजण्यात यावी व निशाण पूर्ण वाळेपर्यंत आपल्या आश्रयाखाली ठेवण्यात यावी, तसेच, शक्य असल्यास, तूर्त पाणी मारू नये."