दरबारी वोन्ट शब्द आला, ते वर्तमान

श्रीगजानन शब्दमात्राचा धनी, त्याचे स्मरण करोन लिहिले ऐसे जे: शके सतराशे अठ्ठावन्न, दुर्मुखनाम संवत्सरी, वैशाखमासी टोपीकर साहेब दरबारी आले आणि म्हाळू तांबट मागो लागले. साहेबांचा शिपाई देवराई तोडीत होता, त्यास म्हाळूने हातोडा फेकून मारिला आणि मग पळोन या दौलतीत शरण आला. साहेबांचे हाती लागता फाशी नेमस्त होती. शरणागत देऊ नये, ही दौलतीची वडिलोपार्जित चाल. आणि दुसरी चाल ऐशी की, दिवा विझला म्हणू नये, जातो म्हणू नये, थोरास तोंडावर नाही म्हणू नये. ही दुसरी सांभाळावयास अंताजीपंत दुभाषे. पंत भिडस्त, पोथ्यांत म्हातारे झालेले, आपुले इंग्रजी आपणांसच खरे न वाटे. तीस वर्षे धनीण बाईसाहेबांचा नकार ते 'कान्ट' या शब्दाने पोहोचवीत. म्हणजे मनी आहे, परंतु करवत नाही.

बाईसाहेब चिकाच्या पडद्याआडून बोलिल्या, "म्हाळू देणार नाही." पंतांनी कान्ट म्हटले. साहेब म्हणाले, "का करवत नाही? शिपाई कमी? माझे घ्या." पंत म्हणाले, कैदी आजारी आहे. "डोली देतो." मग पंतांनी मुहूर्ताची अडचण काढिली. "आजचा उत्तम आहे, मी जोशास विचारूनच आलो." ऐशी एकेक अडचण साहेबांनी दूर केली आणि बेडी आणविली. तेव्हा दाराशी उभा म्हाळू ओरडला, "पंत, तुम्ही गोड बोलता आन् बेडी जवळ येते की वो!"

बाईसाहेबांनी पुसिले, "पंत, आम्ही सांगतो तेच सांगता ना?"

"नाही, बाईसाहेब." थोरास नाही म्हणण्याचा पंतांचा हा पहिला प्रसंग.

"करणार नाही, यास त्यांजकडे शब्दच नाही काय?"

"आहे. वोन्ट. करवते, परंतु करणार नाही, ऐसा अर्थ. कोशात पाहिला आहे, जिभेवर कधी घेतला नाही."

"मग घ्या."

पंतांनी पागोटे सावरिले आणि साहेबांकडे पाहोन म्हणाले, "वोन्ट."

"कारण?"

"कारण कान्टला लागते, साहेब. यास लागत नाही."

साहेब लाल जाहले. "पुन्हा विचारा तुमच्या बाईस!"

पंत चिकाकडे वळलेच नाहीत. म्हणाले, "वोन्ट."

मग साहेब रिकामी बेडी घेऊन गेले आणि त्याचा दंड म्हणोन दौलतीची मानाची तोफांची सलामी बंद जाहली. येणेप्रमाणे घडले ते लिहिले. लिहिणाराचे इंग्रजी कच्चे, उच्चार चुकला असेल. म्हाळू वाचला.