मेव्हण्याचा बेस

"फ्रिज बंद करू का?" चष्मेवाल्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता बटण दाबलं.

"अहो, आत दूध आहे," बायको म्हणाली.

"एका गाण्यापुरताच."

"सकाळपासून किती गाणी झाली?"

"एकच. तेच चाललंय अजून."

चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि घरी आलं की बेडरूमचं दार लावून गिटार वाजवायची, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा क्रम. वाजवायचे बरं. पण ऐकायला कोण, तर कपाट, पलंग आणि इस्त्रीला जायचे कपडे. चारचौघांत उभं राहून, कुणाच्या तरी सोबतीनं वाजवावं, ही एकच हौस राहून गेली होती आणि ती त्यांना आतल्या आत कुरतडायची.

आणि याच आठवड्यात दातांचे डॉक्टर चष्मा न्यायला आले. डॉक्टरांचा स्वतःचा बँड होता. नवा चष्मा नाकावर बसवून आरशात बघता बघता ते सहज म्हणाले, "आमच्या गिटारवाल्याची बदली झाली हो. कुणी असेल तर सांगा."

चष्मेवाल्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं. "मी आहे," ते म्हणाले.

"तुम्ही? मग एक धून रेकॉर्ड करून पाठवा की. रविवारी संध्याकाळपर्यंत. मात्र नुसती गिटार नको, खाली बेस पाहिजे. माणूस दुसऱ्याच्या जोडीनं वाजवू शकतो का, ते त्यातच कळतं."

डॉक्टर गेले आणि चष्मेवाल्यांना आकाश ठेंगणं झालं. त्या भरात त्यांनी पुढच्या आजींना लांबचा नंबर जवळच्या काचेसाठी लिहून दिला आणि मग रस्त्यात धावत जाऊन, त्यांना गाठून तो दुरुस्त केला. बेस गिटार आपल्याकडे नाही, वाजवणारा कुणी ओळखीचाही नाही, हे त्यांच्या लक्षात आलं ते घरी पोचल्यावर. पण माणूस हटणारा नव्हता. बेस म्हणजे शेवटी काय, जाड तारांचा खालचा सूर. तो आपल्याच गिटारमधून काढायचा, असं त्यांनी ठरवलं आणि रविवारी सकाळी दात घासायच्या आधी कामाला लागले.

पहिल्यांदा त्यांनी सगळ्यात जाड तार सैल केली. सूर खाली यावा म्हणून सैल, आणखी सैल, असं करता करता ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबायला लागली. छेडली की लाकडावर फडफड आपटायची. सूर म्हणावा असं त्यात काही उरलं नव्हतं. मग त्यांनी तार पुन्हा जागेवर आणली, साधी वाजवली, मायक्रोफोननं रेकॉर्ड केली आणि लॅपटॉपला सांगितलं, हे सगळं एक सप्तक खाली घे.

लॅपटॉपनं ते इमानेइतबारे केलं. गिटार खरोखरच खोल, जाडजूड वाजायला लागली. चष्मेवाले खुर्चीतून अर्धे उठले. तेवढ्यात त्या सुरांच्या मधून एखाद्या पहिलवानाचा घोगरा आवाज आला, "चहा गार होतोय."

बायको दारात येऊन उभी राहिली. "आपल्या बेडरूममध्ये हा कोण बाप्या?"

"तूच आहेस ती."

"मी?"

"मघाशी हाक मारलीस ना. गिटारबरोबर तूही एक सप्तक खाली आलीस."

बायकोनं तो आवाज पुन्हा एकदा लावायला सांगितला. नीट ऐकून घेतला आणि म्हणाली, "असा आवाज असता तर या घरात माझं कुणीतरी ऐकलं असतं."

गिटारच्या सोबतीनं खोलीतलं सगळंच खाली उतरतं, हे एकदा कळल्यावर खोली चिडीचूप करणं आलं. पंखा बंद झाला. फ्रिज बंद झाला. भिंतीवरचं घड्याळ उशीखाली गेलं. बायकोला खुणेनं बोलायला सांगण्यात आलं आणि तिनं लगेच एक खूण करून दाखवली, ती बघून चष्मेवाल्यांनी मान वळवली. घामानं सदरा पाठीला चिकटला होता, पण आता हटून चालणार नव्हतं. तारा फार वेळ घुमतात म्हणून त्यांनी भांडी घासायचा कोरा स्पंज कापून तारांखाली सरकवला. प्लास्टिकच्या नखीचा आवाज टोकदार येतो म्हणून नुसत्या अंगठ्यानं वाजवलं. आणि जमलं. हाताखाली प्रत्येक सूर कसा गुबगुबीत, आखूड, ठाम. खराखुरा बेस. चष्मेवाल्यांनी बायकोला हाताला धरून लॅपटॉपसमोर बसवलं.

"कसं वाटतंय?"

"काय?"

"बेस."

"मला तर काहीच ऐकू येत नाही."

ऐकू येणार कसं? लॅपटॉपचे स्पीकर आगपेटीएवढे. त्यांतून वरचे सूर तेवढे निघतात आणि खालचे आतच राहतात, आणि वरचं जे काही होतं ते स्पंजानं आणि अंगठ्यानं आधीच पुसून टाकलं होतं. हेडफोन होता, त्याचा एक कान केव्हाच मेला होता आणि दुसरा आचके देत होता. ही गोष्ट कळत नाही असं नाही, पण उतावीळ माणसाला कळलेलं सुचत नाही. चष्मेवाल्यांनी बेस वाढवला. नाही ऐकू आला. आणखी वाढवला. शेवटी पडद्यावरची दांडी वर जाऊन टेकली, तरी बेस आपला भिंतीपलीकडच्या डासासारखा.

तेवढ्यात मेव्हणा जेवायला आला. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. नोकरी लिफ्ट दुरुस्तीची, जीव मात्र गाडीत. गाडीच्या डिकीत त्यानं एवढा मोठा स्पीकर बसवला होता, की सामान न्यायचं झालं तर ताईनं त्याच्याकडे गाडीच नाही असं समजायचं.

"भावोजी, एवढंच ना? खाली चला," तो म्हणाला.

लॅपटॉप घेऊन दोघं खाली गेले. मेव्हण्यानं वायर जोडली, आवाज नेहमीच्या खुणेवर नेला आणि चष्मेवाल्यांनी बटण दाबलं.

आधी काही ऐकू आलंच नाही. आधी पोटात काहीतरी झालं. मग आरसा थरथरायला लागला, मग नंबरप्लेट, मग शेजारच्या गाडीचा अलार्म बोंबलायला लागला, त्याचं ऐकून पलीकडच्या गाडीचा, आणि बघता बघता सगळी रांग सुरू झाली. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर अर्ध्या गालाला साबण लावून गॅलरीत आले.

"सिलिंडर फुटला का कुणाचा?" मास्तर ओरडले.

"नाही, मास्तर. गिटार आहे," चष्मेवाले म्हणाले.

"गिटार? माझ्या कपाटातले पेले नाचतायत."

दुसरा कुणी असता तर त्याला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं असतं. चष्मेवाल्यांना एवढा आनंद झाला होता, की त्यांना नीट बोलता येईना. स्पंज लावलेली आपली जुनी गिटार, आपला हा अंगठा, आणि त्यानं अख्खी इमारत हलते. "हे मी वाजवलंय," ते मेव्हण्याला दोनतीनदा म्हणाले.

"ते खरं, पण कमी करा. मला इथं पुन्हा गाडी लावायचीय," मेव्हणा म्हणाला.

मग गाडीतच बसून काम सुरू झालं. जरा बेस कमी करायचा, वाजवायचा, कानोसा घ्यायचा. आधी शेजारच्या गाड्या गप्प झाल्या. मास्तर दाढी उरकून मदतीला गॅलरीतच थांबले. "मोठा पेला शांत आहे. लहान दोन हलतायत," असं ते वरून सांगायचे आणि खाली चष्मेवाले दांडी एक केसभर उतरवायचे. जेवायला या म्हणून बायकोनं वरून हाका मारल्या, त्या कुणाच्या कानांत शिरल्या नाहीत. शेवटी मास्तरांनी हात वर करून सगळे पेले स्थिर असल्याचं जाहीर केलं, तेव्हा बेस असा काही बसला होता, की मेव्हण्याची मान आपोआप डोलायला लागली.

"भावोजी, आता गिटार ऐकवा," तो म्हणाला.

चष्मेवाल्यांचा चेहरा उतरला. गिटार अजून वाजवलीच नव्हती. ज्या गिटारसाठी ही सगळी यातायात, ती राहूनच गेली होती आणि ऊन तर समोरच्या भिंतीवर पार वर चढलं होतं. ते धावत वर गेले, स्पंज ओढून काढला, मायक्रोफोनसमोर बसले आणि एका दमात वाजवून मोकळे झाले. दोनदा वाजवायला वेळ नव्हता. रोजची धून, चुकणार कुठं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

पाठवताना डॉक्टरांना कळवायचं होतं की कुणी काय वाजवलंय. गिटारपुढे त्यांनी स्वतःचं नाव घातलं. बेसपुढे बोट अडलं. दोन्ही ठिकाणी मीच लिहिलं, तर या माणसाला सोबतीला कुणीसुद्धा नाही, हे उघडच होणार. त्यांना त्याची भयंकर लाज वाटली.

"तुझं घालू का?" त्यांनी मेव्हण्याला विचारलं.

"घाला की. माझं काय जातंय," मेव्हणा गार भाताचा घास घेत म्हणाला.

पाठवून झालं. मग चष्मेवाले जेवायला बसले, पण लक्ष सगळं फोनकडे. बायकोनं फ्रिज उघडला, दुधाचं पातेलं काढून त्यांच्या नाकासमोर धरलं आणि मोरीत ओतलं. तेवढ्यात फोन वाजला. चष्मेवाल्यांनी खरकट्या हातानंच तो उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"ऐकलं हं," डॉक्टर म्हणाले. "दोनदा ऐकलं. गिटार बरी आहे. जरा घाईत वाजवल्यासारखी वाटते. गिटारवाले तसे अजून दोघं आलेत, बघू. पण मला सांगा, ते बेस वाजवणारे कोण?"

"बेस?"

"अहो, काय अंगठा आहे त्या माणसाचा. किती दिवस आम्ही बेसवाला शोधतोय, मिळत नाही. ते मोकळे आहेत का शनिवारी?"

चष्मेवाल्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. हसावं की रडावं, त्यांना कळेना. पाणी पिऊन त्यांनी धीर केला. "डॉक्टर, खरं सांगतो. तो बेस मीच वाजवलाय. गिटारवर."

"वाईट वाटून घेऊ नका," डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले. "दाताच्या खुर्चीत बसून लोक मला काय काय सांगतात, मला माणसं कळतात. दुसऱ्याचं कौतुक पचवणं जड जातं. त्यांचा नंबर तेवढा द्या."

चष्मेवाल्यांनी पडेल आवाजात नंबर सांगितला. फोन ठेवला. इतक्या वर्षांत कुणीतरी आपलं वाजवणं दोनदा ऐकलं, आणि बोलावणं आलं ते मेव्हण्याला. ते ताटाकडे बघत बसले. बायकोनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मेव्हण्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं हात पुसले आणि उभा राहून फोन घेतला.

"हां, बोला. हो, मीच तो. नाही हो, कसलं काय, आपलं असंच. शनिवारी? येईन ना." तो एकदा ताईकडे आणि एकदा भावोजींकडे बघून पुढं म्हणाला, "पण माझी एक अट आहे, डॉक्टर. गिटारवर मला माझा माणूस लागतो. दुसऱ्या कुणाबरोबर माझा अंगठा चालत नाही."

फोनमधून बराच वेळ बोलणं ऐकू आलं. मेव्हणा "हं, हं" करत राहिला. मग त्यानं फोन खिशात टाकला आणि ताटावर येऊन बसला.

"झालं. दोघांनाही बोलावलंय."

चष्मेवाले ताडकन उठले. त्यांना मेव्हण्याला मिठी मारायची होती, पण मध्ये आमटीचं भांडं होतं. "बँडमध्ये," ते म्हणाले. "आपण बँडमध्ये." त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"आणि शनिवारी बेस वाजवणार कोण?" बायकोनं विचारलं.

चष्मेवाल्यांनी मेव्हण्याकडे बघितलं. मेव्हण्यानं आत जाऊन हात धुतले, कोरडे केले, बाहेर येऊन गिटार मांडीवर घेतली आणि उजवा अंगठा पुढे केला.

"दाखवा," तो म्हणाला. "कुठं मारायचं?"