नरसय्याअण्णांचा जगाशी असलेला संबंध

भवानी पेठेत आमच्या शेजारी राहणारे नरसय्याअण्णा रोज सकाळी ओट्यावर उभे राहून, दात घासता घासता, एखाद्या देशाला रागावतात. "ह्या जपानला काय झालंय की!" असं ते ओरडले तरी गल्लीतली कुत्रीसुद्धा आता उठत नाहीत.

अण्णांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि शेअरचा नाद जुना. जगात कुठं काही झालं, की ते आधी स्वयंपाकघरात शिरतात. आखातात लढाई पेटली तेव्हा त्यांनी भाजीत तेल कमी टाकायला सांगितलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या अक्का म्हणाल्या, "लढाई तिकडं, माझं शेंगातेल हितलं. संबंध काय?"

"लई संबंध हाय. सगळं जग एकाच मागावर हाय गं. तिकडं धागा तुटला की हितं कापडाला भोक!"

अमेरिकेत व्याजदर वाढले की अण्णांचा चहा बिनसाखरेचा. उतरले की आम्हालाही घरपोच भजी.

माझे यजमान गेल्यावर हाती आलेल्या पैशांतले काही मी अण्णांच्या सल्ल्यानं शेअरमध्ये ठेवले होते, लेकीच्या शिक्षणासाठी. मग अमेरिकेनं आयातकर वाढवला आणि बाजार धाडकन कोसळला. मोबाईलवरचे लाल आकडे बघून मी तशीच शेजारी धावले. सगळं विकून टाकते, असं अक्कांना म्हणाले. थोड्याच वेळात अण्णा आमच्या दारात खुर्ची टाकून बसले.

"बाई, फी कदी भरायची हाय?"

"अजून वर्ष आहे."

"मग आज कशाला विकताय? लोक घाबरून विकायलेत. तुमच्या कंपन्या बंद पडल्यात का? न्हाय की. घाबरायचं तर घाबरा, पण मोबाईल हिकडं द्या."

बाजार बंद होईपर्यंत माझा मोबाईल त्यांच्या खिशात. तो आठवडाभर हेच. मध्येच माझ्या बहिणीचा फोन आला, तर तिला उत्तर मिळालं, "साडेतीनपर्यंत बाई मिळणार न्हाईत. बाजार चालू हाय."

बाजार सावरायला वेळ लागला, पण सावरला. लेकीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. लागतील तेवढे शेअर विकून मी फी भरली आणि पेढे घेऊन अण्णांकडे गेले. ते कारखान्यात होते.

"अण्णांचेही शेअर वर आले असतील ना?" मी अक्कांना विचारलं.

"त्यांचे कुटं हायत आता? तवाच विकले की सगळे. त्या करामुळं परदेशातल्या ऑर्डरी थांबल्या, टॉवेल पडून राहिले. कामगारांचा पगार कुटनं द्यायचा?"

"आणि मला थांबा म्हणाले!"

"मी बी इचारलं तसं. म्हनले, बाईंना थांबता येतंय. आपल्या कामगारांना न्हाय."

तेवढ्यात अण्णा आले. मी वाकले, तर ते दोन पावलं मागं सरकले. "अवो, माझ्या पाया कशाला! पोरगी शिकतीय ती!" पेढा तोंडात टाकून त्यांनी कॉलेज कसं आहे, मेसचं जेवण बरं असतं का, सगळं विचारलं. मग चष्मा उगीचच पुसत म्हणाले, "बाई, एक सांगू का? तुमचे जे राहिलेत ना, ते आज कसे हायत तेवडं सांगत जावा की. नुस्तं ऐकायला."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि मोबाईल काढून एकेका कंपनीचं नाव आणि भाव वाचू लागले. अण्णा डोळे मिटून, मान डोलवत ऐकत राहिले.