धुऊन पुसून ठेवलेले कोळी

तिसऱ्या पानावरही कोळी दिसेना, तेव्हा किडींचा अभ्यास करणाऱ्या सूनबाईंना घाम फुटला. कोळी म्हणजे जाळं विणणारा नव्हे. हा राईहून बारीक, पानाच्या पाठीला चिकटून रस पिणारा. घेवड्याच्या शेतातलं पान त्याच्याशिवाय सापडणं अशक्य, आणि इथे सूक्ष्मदर्शकाखाली पान अगदी लख्ख. शेजारच्या जंगलातून आणलेली पानंही तशीच.

शेताच्या मालकाचं, घेवडेवाल्याचं म्हणणं, ही कीड जंगलातून येते, सबब बांधालगतची झाडं तोडा. सूनबाईंचं म्हणणं, जंगलातले कोळी निराळे. ते रस पिणाऱ्यांनाच खातात. निकाल द्यायला वनाधिकारी दुपारी प्रयोगशाळेत येणार होते. घेवडेवाल्यानं तर करवतवाले आधीच ठरवून ठेवले होते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

प्रयोगशाळेचा फ्रीज बंद पडल्यामुळे पानांच्या पिशव्या कालपासून घरच्या फ्रीजमध्ये होत्या. सूनबाईंनी घरी फोन लावला.

"बाबा, माझ्या पिशव्यांना हात लावलात का?"

"हात? अगं, चांगली तीन पाण्यांनी धुतली पानं! केवढी ती धूळ! पुसून जागच्या जागी ठेवली. आभार सावकाश मान."

सासरे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. घरात येणारी हिरवी वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही आणि धुतलेलं पाणी वाया घालवायचं नाही, ही त्यांची दोन व्रतं होती.

"ते पाणी मोरीत ओतलंत?"

"मोरीत? मी? गॅलरीतल्या गुलाबाला घातलं. पानांवरून, आंघोळ घातल्यासारखं."

"मग तो गुलाब आहे तसा उचला आणि इथे घेऊन या!"

"आत्ता? कळी उमलतेय त्याची."

"बाबा, पुरावा आहे तो! नाहीतर ते जंगल जाईल!"

"मग तसं आधी सांगायचं ना," सासरे म्हणाले आणि चपला शोधू लागले.

ते कुंडी पोटाशी धरून प्रयोगशाळेत शिरले, तेव्हा वनाधिकारी आणि घेवडेवाला येऊन बसले होते.

"कुणाचा सत्कार आहे का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

सूनबाईंनी झाला प्रकार सांगून टाकला. घेवडेवाला मांडीवर थाप मारून हसला. "बघा साहेब, आता जंगलानं गुलाबही खाल्ला!"

सूनबाईंनी गुलाबाचं पान तोडून भिंगाखाली सरकवलं. अधिकारी वाकले.

"अरेच्चा! हा फिकट, तुरतुरणारा कोण? त्यानं तांबड्याला धरलंय... संपवला की हो!"

"तांबडा घेवड्यावरचा. फिकट जंगलातला," सूनबाई म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला.

घेवडेवाल्यानं डोळा लावला तो काढीचना. "आणखी एक गेला," तो पुटपुटला. मग खुर्चीत टेकून म्हणाला, "करवतवाल्यांना नको म्हणून कळवतो. पण ताई, हे पठ्ठे माझ्या शेतात का येत नाहीत?"

"येतात की. तुम्ही सारखं औषध फवारता, त्यात आधी हेच मरतात. सांगून सांगून माझा घसा सुकला."

"बघू," तो म्हणाला. त्याच्या 'बघू'चा अर्थ सूनबाईंना पाठ होता. एवढ्यात त्याची नजर कुंडीवर गेली. "त्यापेक्षा ही कुंडीच द्या. घेवड्यात मधोमध ठेवतो."

सासऱ्यांनी कुंडी घट्ट धरली. सूनबाईंनी डोळ्यांनीच 'द्या' म्हणून खुणावलं. शेवटी त्यांनी ती पुढे केली. "न्या. पण औषधाचा एक शिंतोडा माझ्या गुलाबावर उडाला तर बघा! मी येऊन तपासणार."

"या की, आपलंच शेत समजा," घेवडेवाला उदारपणे म्हणाला. म्हातारं माणूस एकदा येईल, फार तर दोनदा, असा त्याचा हिशेब.

काही दिवसांनी औषधवाला नेहमीप्रमाणे डबे घेऊन बांधावर आला. घेवडेवाल्यानं त्याला लांबूनच हातानं परतवलं.

"का हो? ताईंचं ऐकलंत वाटतं?"

"छे! त्या बिचाऱ्या सांगतात आणि जातात," घेवडेवाला आवाज खाली आणून म्हणाला आणि त्यानं मळ्याच्या मधोमध बोट दाखवलं. तिथे घडीच्या खुर्चीत, भिंग डोळ्याला लावून, कुणीतरी बसलं होतं. "हे सकाळी येतात ते जेवूनच जातात!"