सुरंगीची तान

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा कंपन्या जास्त झाल्या होत्या. तिथे ओढ्याकाठी सुरंगी नावाची शीळकरीण राहत होती. शीळकरीण म्हणजे गोड शीळ घालणारी काळीनिळी पाखरीण.

तिने एक गाणं रचलं होतं. सुरुवात उड्या मारणारी, शेवटही तसाच. मधे मात्र एक लांब, संथ तान. तिचा नवरा ससाण्याने नेला, तेव्हापासून ती तान गाण्यात आली होती.

तरसोजी शेठ नावाच्या तरसाने ते गाणं ऐकलं. दुसऱ्या दिवशी शेठ अळ्यांचा द्रोण घेऊन हजर. गाणं जंगलभर पोहोचवतो म्हणाले, फक्त या पानावर पाय उमटव. पानावर काय लिहिलंय हे विचारायचा सुरंगीला संकोच वाटला. एवढे मोठे शेठ! तिने पाय उमटवला.

पोपटांनी गाणं घरोघर नेलं. शेठनी मात्र संथ तान काढून तिथे सुतारपक्ष्याची टकटक घातली होती. रानडुकरांना नाचायला बरं पडतं, म्हणे. आपण आपलं पहिल्यासारखंच गायचं, असं सुरंगीने ठरवलं. तिने शीळ घातली मात्र, दोन माकडं आली आणि विनापरवाना गाते म्हणून तिला हत्तीच्या कोर्टात घेऊन गेली.

हत्तीने पान उलटसुलट करून निकाल दिला. गळा सुरंगीचा, गाणं शेठचं.

सुरंगी शांतपणे म्हणाली, “गाणं त्यांचं असेल, तर त्यांनी गाऊन दाखवावं.”

शेठ खाकरले आणि गायले. सशांनी कान पाडले. एक वटवाघूळ भर दुपारी उडून गेलं. सुरंगीला वाटलं, जिंकले. पण मालक स्वतः गातायत म्हटल्यावर पुढे बसलेल्या कोल्ह्यांनी माना डोलावल्या. मग सगळ्यांनीच डोलावल्या. पोपटांनी तोच घोगरा सूर पाठ केला.

पुढे एकदा सुरंगी ते गाणं नकळत गुणगुणली, तेव्हा शेजारचा होला मायेने म्हणाला, “सुरंगीताई, राग मानू नका. गाता छान, पण शेठसारखा सूर नाही लागत.”

सुरंगी भांडली नाही. तिने धबधब्यामागे घरटं बांधलं आणि नवं गाणं रचलं. त्यातली तान तिने आणखी लांबवली. पाण्याच्या आवाजात ती कुणाला ऐकू येत नाही. पण कुणी कापतही नाही.

तात्पर्य: बाळांनो, गाता येत असेल तर रोज रियाज करा. येत नसेल तर मालक व्हा, सूर आपोआप लागतो.