परबची बोटं तापेपर्यंत

कुणाच्या घरी समाचाराला गेलं की माणूस मान खाली घालून बसतो. आमच्या शेजारचा परबही बसायचा. फक्त त्याच्या डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर नाचत असायची. पहिल्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा त्यांच्या मुलाला वाटलं, धक्क्याने परबला कंप सुटला. बाप गेलेला तो बिचारा उठून परबसाठी पाणी घेऊन आला. परब पाणी प्यायला, "बोटं गरम ठेवावी लागतात हो," म्हणाला आणि पुन्हा मनगट वाजवू लागला.

हा सगळा गिटारचा प्रताप. लग्नाआधी परळच्या चाळीत असताना परब गणपतीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. पुढे कांदिवलीला आमच्या सोसायटीत राहायला आला आणि काही वर्षांनी गिटार माळ्यावर गेली ती गेलीच. शुभाचं, त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न ठरलं तेव्हा त्याने ती खाली काढली. तारा गंजलेल्या, आणि पोटातून झुरळांचं अख्खं बिऱ्हाड बाहेर पडलं. त्यांच्यावर चप्पल उगारत परब मला म्हणाला, "हळदीच्या संध्याकाळी वाजवणार. शुभा लहान असताना तिला झोपवायला जे गाणं वाजवायचो ना, तेच. सासरी जाताना बापाकडून एवढं तरी घेऊन जाऊ दे."

पण गाणं एकदम वाजवायचं नसतं म्हणे. आधी बोटं तापवायची. तर्जनीपासून करंगळीपर्यंत एकेक बोट दाबत एका तारेवरून दुसरीवर जायचं, खाली पोचलं की पुन्हा वर यायचं. टिंग टिंग टिंग टिंग. सकाळी ऑफिसला जाण्याआधी टिंग टिंग, संध्याकाळी आल्यावर टिंग टिंग. आता गाणं सुरू होणार म्हणून आम्ही कान टवकारायचो आणि परब गिटार खाली ठेवायचा. "गाणं आहे रे बोटांत. बोटंच थंड आहेत!"

बंद कर म्हणून सांगायची कुणाची छाती नव्हती. परब टेलिफोन खात्यात होता आणि सोसायटीतले निम्मे लोक फोनसाठी नंबर लावून बसले होते.

बोटांची टोकंही म्हणे मऊ पडली होती. त्यासाठी परब ती तुरटीच्या पाण्यात बुडवून बसायचा आणि येईल त्याला दाखवायचा. "दाबून बघ. लोणी झालंय नुसतं." सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीवरून भांडण ऐन रंगात आलेलं असताना त्याने सेक्रेटरीपुढे बोट धरलं. सेक्रेटरीने गोंधळून दाबलं, आणि टाकीचा विषय तिथेच राहिला.

"चाय निवली, तरी ह्येंची बोटां काय तापूक नाय," परबवहिनी कपाळावर हात मारत म्हणायच्या. वरच्या मजल्यावरच्या शहाभाईंनी तर एकदा जिन्यातच गाठलं. "परबभाई, रोज किक मारते हो, किक मारते हो. स्कूटर जाती क्यों नहीं?"

परबने त्यांनाही बोट दाखवलं.

हळदीची संध्याकाळ आली. कंपाउंडमध्ये मांडव, कोंबडीवड्यांचा वास, स्पीकरवर धांगडधिंगा. परबने हात वर करून स्पीकर बंद करवला आणि खुर्चीवर बसला. सगळे शांत झाले. आणि सुरू झालं, टिंग टिंग टिंग टिंग.

लोक कौतुकाने बघत राहिले. मग चुळबुळ करू लागले. स्पीकरवाला माझ्या कानाशी आला, "काका, टेस्टिंग झालं का?"

परबला घाम फुटला होता. मी वाकून म्हटलं, "अरे, बस झालं ना. गाणं घे आता."

त्याने वर पाहिलं.

"आठवत नाही रे," तो पुटपुटला. "गिटार खाली काढली तेव्हापासून आठवत नाहीये. बोटं तापली की येईल वाटलं होतं."

इतके महिने आम्ही या माणसाला हसत होतो. त्याची बोटं अजून थांबली नव्हती. थांबली असती तर सगळ्यांना कळलं असतं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून शुभा उठून आली. हळदीने माखलेली, तशीच त्याच्या पायाशी बसली.

"बाबा, माझं गाणं!"

"नाही गं, हे ते नाही. हे नुसतं बोटं गरम करायला. गाणं पुढे होतं."

"पुढे?" शुभा गोंधळली. "पुढे कुठे काय होतं? तुम्ही हेच वाजवायचात आणि मी झोपायचे."

मांडवात कुणी हसलं नाही. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मला तर समोरचं धड दिसेना. ज्या गाण्यासाठी हा माणूस इतके महिने झुरला, ते त्याच्या पोरीने कधी ऐकलंच नव्हतं.

परब पुन्हा पहिल्या तारेपासून सुरू झाला. शुभाने त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून डोळे मिटले, तसा त्याने आवाज हळूहळू उतरवत नेला, पोर जागी होऊ नये अशा बेताने.