शमुवेल पाटोळेचा उन्हातला फ्लॅश

मे महिना, दुपारचे बारा, आभाळात औषधाला ढग नाही, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय, अशा वेळी भिंगारमध्ये कुठे फ्लॅश चमकला तर समजावं की तिथे शमुवेल पाटोळे फोटो काढतोय. नवीन माणूस हमखास हसतो. "अहो, सूर्य आहे की वर!" असं म्हणतो. शमुवेल मान वर करून सूर्य आहे याची खात्री करून घेतो आणि म्हणतो, "हाय. पन वरनंच येतो ना तो. डोळं खड्ड्यात गेलं त्याचं काय?"

एवढं बोलून तो फ्लॅश मारतो.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि गेल्या साली निवृत्त झालो. माझं घर आणि शमुवेलचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे. पुढे दुकान, मागे त्याची खोली. तो एकटाच असतो. लग्न का केलं नाहीस असं एकदा विचारलं, तर "सीझनमधी टाइम कुनाला हाय?" म्हणाला. सीझन म्हणजे इतरांच्या लग्नांचा. लग्नसराई सोडून लग्न करायला ख्रिस्ती माणसाला कुठला मुहूर्त आडवा येतो, हे मी पुढे विचारलं नाही.

फोटो काढताना ऊन तोंडावर घ्यावं, हे आपल्याकडे प्रत्येक काकाला आणि मामाला जन्मजात माहीत असतं. शमुवेल नेमकं उलटं करतो. सगळ्यांना उन्हाकडे पाठ करून उभं करतो. काका-मामा तक्रार करतात, की तोंडं काळी येतील. "उन्हाकडं तोंड केलं की मानूस हसत न्हाई, सोसतो," हे त्याचं उत्तर. आता पाठीला ऊन म्हणजे तोंडावर सावली, हे खरंच. मग त्या सावलीत तो फ्लॅशचा थोडा उजेड टाकतो. त्याला तो 'भर' म्हणतो. "भर अशी घालायची सर, की घातलीय हे कुनाला कळू नये."

कळू नये म्हणून तो फ्लॅशवर पांढरा रुमाल बांधतो. लहान पोराला एक घडी, मोठ्या माणसाला दीड आणि टकलाला दोन. ही दोन घड्यांची बाब तो दबक्या आवाजात सांगत नाही. "टक्कलवाले कितीजन? हात वर करा," असं भर मांडवात विचारतो. लोक चिडतात. पण फोटो हातात आला की त्या फोटोत चकाकणारं एकही डोकं नसतं, आणि मग तेच लोक पुढच्या लग्नाला त्यालाच बोलावतात.

एकदा निवृत्त फौजी मंडळींचा ग्रुप फोटो होता. एका सुभेदारसाहेबांच्या छातीवरची पदकं फ्लॅशमध्ये चमकायला लागली. शमुवेलने तीनदा कोन बदलला आणि शेवटी सांगितलं, "साहेब, छाती जरा कमी काढा." सुभेदारसाहेबांना अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत असा हुकूम कुणी दिला नव्हता. दोघांमध्ये बराच वाद झाला. फोटोत सुभेदारसाहेब थोडे पोक काढून उभे आहेत, पण चेहरा असा आलाय की मिशीचा केस न् केस मोजावा.

नागापूरच्या एका कारखान्यातही हेच. कामगारांच्या डोक्यावर हेल्मेटं, हेल्मेटाची सावली डोळ्यांवर. शमुवेलने सगळ्यांना फिरवून उभं केलं आणि फोटो काढला. मॅनेजरने बघितलं तर कंपनीचा बोर्ड फोटोच्या बाहेर. ते भडकले. शमुवेल म्हणाला, "बोर्ड कुठं जातोय साहेब? मानसं जात्यात." पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा फोटोग्राफर बोलावला. त्या फोटोत बोर्ड फार सुरेख आलाय म्हणतात.

त्याचा खरा राग दोन वाक्यांवर. पहिलं, "जरा गोरं करा हो." त्यावर तो शांतपणे "गोरं करनं येगळं, दिसनं येगळं" एवढंच म्हणतो. दुसरं वाक्य म्हणजे "नंतर कंप्युटरवर उजळता येईल की." हे ऐकलं की तो कॅमेरा खाली ठेवतो, बाहेर जाऊन चहा पिऊन येतो आणि मगच कामाला लागतो. चहा का पितो, हे मला पुष्कळ वर्षं कळलं नव्हतं.

ते कळलं माझ्या तेजूच्या लग्नामुळे.

तेजू माझी एकुलती एक मुलगी. तिला वाढवलं माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने. माझी बायको नोकरीला जायची आणि आक्का घर सांभाळायची. आक्का पाथर्डीकडच्या गावात दिलेली, चोविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. आमच्या घरात बारसं, वास्तुशांत, साखरपुडा, सगळ्यांचे फोटो आहेत. एकातही आक्का नाही. फोटोची वेळ झाली की ती "मी पान्याचं बघते" म्हणून उठायची. तिला कुणी जा म्हणायचं नाही. पण थांब असंही कुणी म्हणायचं नाही, आणि त्यात मीही आलो.

लग्नाच्या महिनाभर आधी तेजूने मला बाजूला घेतलं. "पपा, दागिने नकोत, मिरवणूक नको. माझ्या लग्नाच्या फोटोत आत्या पाहिजे. तेवढं तुम्ही करा." मी "हात्तिच्या, एवढंच ना" असं म्हणालो. चांगला छाती काढून म्हणालो.

लग्न फेब्रुवारीत होतं. अक्षता पडल्या, आणि जेवणाआधी घरच्या माणसांचा फोटो ठरला. व्याह्यांचे व्हिडिओवाले ड्रोन घेऊन आले होते, शमुवेलकडे हा एवढा एकच फोटो होता. एका फोटोसाठी त्याने दोन फ्लॅश, एक स्टूल आणि तीन रुमाल आणले होते. त्याने दोन्हीकडच्या मंडळींना कार्यालयामागच्या पटांगणात नेलं आणि उन्हाकडे पाठ करून ओळीने उभं केलं. फिकट लुगड्यातली आक्का सवयीप्रमाणे उठली आणि पाण्याच्या पिंपाशी, मांडवाच्या खांबाआड जाऊन उभी राहिली.

तेजूने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या एका बाजूला व्याही, दुसऱ्या बाजूला विहीणबाई, मागे त्यांच्याकडची चार वडीलधारी माणसं. नवरीच्या फोटोत विधवा आत्या, हे कुणाला खटकेल का, कोण काय म्हणेल, असं सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात आलं, आणि मी आभाळात उडणारं ड्रोन बघायला लागलो. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

शमुवेल स्टुलावर चढला. कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"न्हाई बसत."

"काय झालं?" व्याही म्हणाले.

"नवरीच्या गालाला अंधार पडतोय. डाव्या."

त्याने रुमाल बदलला, स्टूल हलवलं, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. पाच मिनिटं गेली. व्याही म्हणाले, "अहो, जेवणं खोळंबलीत."

"जेवन परत गरम करता येतं. गालाचं तसं न्हाई." मग त्याने इकडे तिकडे बघितलं. "फिक्कं कायतरी पाहिजे. उजेड परतवायला. नवरीच्या शेजारी."

कुणीतरी टेबलावरची चादर आणली. तिला डाग होते. कुणी थर्माकोलची ताटली पुढे केली. "लई पांढरं हाय, उजेड टोचतो." नवऱ्या मुलाचे मामा स्वतःच पांढऱ्या सदऱ्यात पुढे आले, तर सदरा चमकत होता. मामा परत गेले. शेवटी शमुवेलने खांबाकडे बोट केलं.

"ते लुगडं. बराबर रंग हाय. आक्का, या इकडं."

आक्का दचकली. "मी न्हाई बाबा. मला कशाला त्यात?"

"तुमाला कोन बोलावतंय? मी लुगड्याला बोलावतोय. तुमी नुसतं त्यात उभ्या ऱ्हावा."

सगळे हसले. सगळ्यांना भुका लागल्या होत्या. विहीणबाईच म्हणाल्या, "या हो आक्का, लवकर या. होऊन जाऊ दे एकदाचं." आता तो शुभ-अशुभाचा प्रश्नच उरला नाही, तो उजेडाचा प्रश्न झाला, आणि उजेडातलं शमुवेलला कळतं हे सर्वांना मान्य होतं. आक्का अंग चोरत येऊन उभी राहिली. "आजून जवळ. खांद्याला खांदा. पदर कपाळावरनं थोडा मागं, उजेड अडतोय." तेजूने आक्काचा हात घट्ट धरला. फ्लॅश चमकला. पुन्हा एकदा चमकला.

"झालं. जेवा," शमुवेल म्हणाला.

मी आठवीच्या वर्गाला तीस वर्षं प्रकाशाचं परावर्तन शिकवलंय. सूर्य पाठीमागे असताना लुगड्याची पुढची बाजू स्वतःच सावलीत असते. ती दुसऱ्याच्या गालावर कसला उजेड टाकणार? आमच्या शाळेतल्या शेवटच्या बाकावरच्या मुलानेही हे सांगितलं असतं. तेजूच्या गालाला काही झालेलं नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं आणि मी उगाचच पाणी वाढणाऱ्यावर ओरडलो.

आठ दिवसांनी फोटो आणायला दुकानात गेलो. म्हटलं, "शमुवेल, सूर्य मागे होता. लुगड्यावरून उजेड आला कुठून?"

तो फ्लॅशचे सेल बदलत होता. "सर, तुमचं पुस्तकातलं. धंद्यातलं येगळं असतं."

"खरं सांग."

त्याने सेल खाली ठेवले. मग त्याने ड्रॉवरमधून एक जुना फोटो काढून काउंटरवर ठेवला. चर्चसमोर लग्नाची मंडळी उन्हाकडे तोंड करून, डोळे बारीक करून उभी होती. मधे नवरी. "मार्था. माझी बहीन." नवरीच्या मागे, चर्चच्या पोर्चमध्ये, हातात ताट घेतलेली एक बाई होती. ताट उन्हात होतं, हात उन्हात होते. पोर्चची सावली तिच्या गळ्यापासून वर होती, आणि तिथे नुसतं काळं होतं.

"आई," शमुवेल म्हणाला. "बांगड्या बगा, मोजता येत्यात. तोंड तेवढं न्हाई."

"कुणी काढला हा फोटो?"

"मीच. नवा कॅमेरा हुता. फ्लॅश पिशवीत हुता. म्हनलं, एवढं ऊन पडलंय, कशाला पाहिजे." त्याने फोटो पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला. "चार महिन्यांनी आई गेली. दुसरा फोटो न्हाई. पुन्यापतोर हिंडलो. पुढं कंप्युटर आल्यावर एकजन म्हनला, उजळून देतो. उजळला. काळ्याचं करडं झालं. जे उमटलंच न्हाई ते त्यो तरी कुठनं आननार?"

मी फोटो घेऊन घरी आलो. आक्का आधी नको म्हणाली, मग चष्मा लावून बघायला लागली. बराच वेळ बघितल्यावर तिने तेजूच्या शेजारी बोट ठेवलं.

"आई इथं कशी रे आली?"

मी वाकून बघितलं. आमची आई मी कॉलेजात असतानाच गेली, आणि तिचा एकही फोटो कुणी काढला नव्हता. आक्काच्या ध्यानात आलं तशी ती हसली. "मीच व्हय ग बाई," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मी पुन्हा बघितलं. तेच कपाळ, तीच हनुवटी. फोटोत आईच उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे शमुवेलला सांगितलं. दुकानात एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी बसलं होतं. शमुवेल हातातला रुमाल तसाच धरून ऐकत राहिला.

"आईसारख्या दिसत्यात?"

"हुबेहूब."

"आक्कांचं वय काय?"

"सदुसष्ट."

"मार्था पासष्ट. तीबी आईवरच गेलीय," तो म्हणाला. "श्रीरामपूरला असती. तिच्या लग्नानंतर मी तिचा फोटो कधी काढलाच न्हाई. वरसातनं एकदा जातो, जेवतो, येतो."

त्याने गिऱ्हाइकाचा फोटो नीट काढून दिला. मग दोन्ही फ्लॅश पिशवीत घातले, सेल घातले, रुमाल घातले, आणि ऐन लग्नसराईत, सकाळी साडेदहाला दुकानाचं शटर खाली ओढलं. कुलूप लावून तो स्टँडच्या दिशेने चार पावलं गेला आणि परत आला.

"सर, आई हसरी हुती," तो म्हणाला. "मार्था माज्यासमोर हसत न्हाई, लई दिवस झाले. म्हनती, तू येतोस कुठं, हसू कशाला. तुमी संगं येता का? तिला कुनीतरी हसवाय पाहिजे. मला एकट्याला जमायचं न्हाई."

मी घरात जाऊन चपला घातल्या आणि आक्काला सांगून निघालो.